ब्लू-रेच्या नावाखाली माझे १५,९०० रुपये गेले

हे लिहावं की नाही यात आठ दिवस गेले. बायको म्हणाली, "लिहा, निदान दुसऱ्याचे तरी वाचतील." तिच्या सुरात सहानुभूती नव्हती.

भाचीनं सिंगापूरहून निसर्गपटांच्या चार ब्लू-रे डिस्क आणल्या, म्हणजे डीव्हीडीसारख्याच दिसणाऱ्या, पण कितीतरी स्पष्ट चित्राच्या. माझा कॉम्प्युटर २००९ चा, कोअर टू ड्युओ प्रोसेसरचा. त्यातल्या डीव्हीडी रायटरवर त्या चालणार नाहीत हे मला ठाऊक होतं. डीव्हीडीचा लेसर लाल, ब्लू-रेचा ४०५ नॅनोमीटरचा निळाजांभळा, आणि एका थरात २५ जीबी मावतात. म्हणजे मी अगदीच अडाणी नाही. "तुम्हाला कळलं कसं नाही?" विचारणाऱ्यांसाठी हे आधीच सांगून ठेवतो.

तापकीर गल्लीत चौकशी केली. एका दुकानदारानं तोंडावर सांगितलं, "काका, या डब्यात पैसे घालू नका, टीव्हीला जोडायचा प्लेअर घ्या." मला वाटलं, याला विकायचंच नाहीये, पुण्यात असे दुकानदार काय कमी आहेत! नेमका तोच खरं बोलत होता. बाहेर पडलो तर एक पोरगा मागून आला. "काका, घरी येऊन करून देतो, पुढच्या गल्लीत आपलं दुकान आहे." दुकान म्हणजे जिन्याखालचं एक काउंटर. पाटी नाही. पाटी नसलेल्या दुकानात पाऊल टाकू नका.

हिशोब असा: ब्लू-रे ड्राइव्ह ७,८००, ग्राफिक्स कार्ड ५,५००, रॅम १,२००, प्लेअरचं सॉफ्टवेअर ९००, मजुरी ५००. त्यातले ५,००० यूपीआयनं दिले, १०,९०० रोख. "रोख दिलेत तर जीएसटी वाचेल." वाचला. आणि त्याबरोबर पक्कं बिलही.

आता ती वेळ, जी रोज रात्री डोळ्यासमोर येते. सगळं बसवून झालं आणि मी माझी डिस्क पुढे केली. तो म्हणाला, "तुमची नवी कोरी डिस्क कशाला, ओरखडा पडेल. माझी टेस्टिंगची टाकतो." टाकली. पडद्यावर समुद्र, मासे, काय ती स्पष्टता! पण ड्राइव्हचा दिवा लुकलुकत नव्हता. डिस्क फिरल्याची घरघर नव्हती. मी ते पाहिलं, ऐकलं आणि मनात म्हटलं, नवीन तंत्रज्ञान आहे, आवाज नसेल करत. मागच्या बाजूला त्याचा पेन ड्राइव्ह खोचलेला होता, पिक्चर त्यातून चालू होता! ३१ वर्षं बँकेत सह्या ताडून पाहिल्या, आणि एक दिवा पाहता आला नाही. बरं, त्याच वेळी त्यानं रॅमबद्दल काहीतरी विचारलं, आणि चहाही आला. माणसाचं लक्ष जातंच इकडे तिकडे.

रात्री माझी डिस्क टाकली, तर ढिम्म. शेजारच्या मुलानं डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे कॉम्प्युटरच्या सगळ्या भागांची यादी, उघडला. ड्राइव्हच्या नावात 'बीडी' (ब्लू-रे डिस्क) हवं होतं, तिथे 'डीव्हीडीरॅम' होतं. पुढची पट्टी तेवढी ब्लू-रेची चिकटवलेली. ग्राफिक्स कार्ड जीपीयू-झेड नावाच्या सॉफ्टवेअरनं तपासलं तर नावाआधी 'फेक' लिहून आलं. जुन्या कार्डाचं बायॉस, म्हणजे आतला मूळ प्रोग्राम, बदलून नव्याचं नाव दाखवलेलं. जीपीयू-झेड फुकट मिळतं, पैसे देण्याआधी चालवा. आणि माझा मॉनिटर व्हीजीएचा, म्हणजे जुन्या पद्धतीच्या केबलचा. ब्लू-रेला लागणारं एचडीसीपी, म्हणजे नक्कल रोखणारं कुलूप, व्हीजीए केबलमधून जातच नाही. प्रामाणिक माणसानं आधी मॉनिटर विचारला असता.

दुसऱ्या दिवशी काउंटर रिकामा. फोन बंद.

चौकीत गेलो. "बिल?" नाही. "मग हा दिवाणी मामला, काका." मी म्हटलं, पूर्वीचं चारशे वीस, आताचं भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, फसवणूक ती फसवणूकच. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू मीच गुन्हेगार. अर्ज घेतला, पोच दिली नाही. तिसऱ्या खेपेला सायबरकडे पाठवलं. तिथे सांगितलं, "माणूस घरी आला होता ना? मग हे ऑनलाइन कुठे?" ग्राहक तक्रारीसाठी फोन केला तर दुकानाचं नाव आणि पत्ता हवा. अहो, नाव-पत्ता असता तर मीच गेलो नसतो का? पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला जिल्हा आयोगात फी नाही, हे मला माहीत आहे. पण नोटीस कुणाच्या नावे काढायची, जिन्याच्या? शेवटी बँकेत गेलो. ज्या काउंटरच्या आत मी बसायचो, त्याच्या बाहेर चाळीस मिनिटं उभा राहिलो, आणि नातवाच्या वयाच्या मुलीनं सांगितलं, "सर, पिन तुम्ही स्वतः टाकलाय." ५,००० साठी एवढी रांग, रोखीच्या १०,९०० चं तर विचारूच नका.

आपलीच डिस्क लावायला सांगा. 'माय कॉम्प्युटर'मध्ये (नव्या विंडोजमध्ये 'धिस पीसी') तिचा आकार पाहा. आणि त्या वेळी एकही पेन ड्राइव्ह लावलेला नको.

त्याची टेस्टिंगची डिस्क मात्र ट्रेमध्येच राहिली होती. परवा लावून पाहिली. साधी डीव्हीडी, कुणाच्या तरी मुंजीचं शूटिंग. ड्राइव्हवर ती उत्तम चालते. मातृभोजन, भिक्षावळ, सगळं स्वच्छ दिसतं. बटू ओळखीचा वाटला तर कळवा, डिस्क परत देईन.