जालन्यातून घेतलेली जुनी सिंगर २९के पॅच मशीन, दीड वर्ष वापरल्यावर

बुटाच्या कामासाठी जुनी सिंगर घ्यावी का म्हणून मला परभणीत महिन्यातून दोघंतिघं तरी विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. मी घेतली ती २९के, आपल्याकडं हिला पॅच मशीन नाहीतर नुसतं मोची मशीन म्हणतात. के म्हणजे किलबोवी, स्कॉटलंडच्या क्लाइडबँकमधला सिंगरचा कारखाना. तिथल्या रेल्वे स्टेशनचं नाव अजूनही सिंगरच आहे, पण कारखाना १९८० साली बंद पडला. म्हणजे ओरिजिनल २९के कितीही चकचकीत दिसली तरी ती चाळीस वर्षांच्या वरचीच असणार, हे डोक्यात ठेवूनच बाजारात जायचं.

मला मिळाली जालन्यात एका भंगारवाल्याकडं. जालन्यात स्टीलच्या भट्ट्या असल्यामुळं सगळीकडचं भंगार तिथं येतं आणि ही मशीन एका कोपऱ्यात सायकलच्या फ्रेमखाली पडलेली होती, खालचं बिडाचं स्टँड, पायडल, मोठं चाक सगळं जागच्या जागी. ती बघून माझा जीवच राहिना. आजोबांनी जन्मभर आरीनं हातशिलाई केली, अशी मशीन घ्यायचं त्यांच्या लै मनात होतं पण जमलं नाही. त्यानं अठरा हजार सांगितले, चौदाला दिली, म्हणला चालू कंडिशन आहे दादा, आणि कापडाच्या दोन घड्यांवर शिवून पण दाखवली. मी भुललो. छोट्या हत्तीत टाकून मंठा-जिंतूर करत घरी आणली, भाडं वेगळं गेलं.

घरी आल्यावर चामड्याचे दोन पदर घेतले तर टाके सुटायला लागले, एक बसतोय दोन सुटतायत. आधी मला वाटलं सुई चुकली. हिला साध्या शिलाई मशीनची सुई चालत नाही, २९x३ नाहीतर २९x४ नंबरची लागते, ३ कापडाला आणि ४ चामड्याला, मी १९ साइज वापरतो आणि जाड कामाला २१. सुई बदलली तरी तेच. मग कव्हर उघडलं तर आतमध्ये खोबरेल तेल घालून घालून सगळं पिवळं चिकट झालेलं, डिंकासारखं. कुणीतरी वर्षानुवर्षं तेच ओतलेलं. डिझेलमध्ये दोन दिवस भिजवून ब्रशनं घासलं तेव्हा कुठं आतला धातू दिसला, आणि त्याच्याबरोबर खरा आजार पण दिसला.

या मशीनचं शटल, म्हणजे खालच्या बॉबिनचा दोरा धरणारा भाग, गोल फिरत नाही, मागं-पुढं हलतं, आणि त्याला हलवणारे छोटे गिअर मशीनच्या ज्या लांब बारीक हातावर बूट चढवतात त्याच्या टोकाला असतात. ते दात झिजले की शटल वेळेवर पोचत नाही आणि सुईनं टाकलेला फास पकडत नाही. कापडात कसंबसं भागतं, चामड्यात नाही. माझ्या मशीनचे दात नखानं जाणवतील इतके खाल्लेले होते. जमेची बाजू एवढीच की या मशीनी जगभर इतक्या चालल्या की पार्ट अजून मिळतात. गिअरचा सेट कुरिअरनं मागवला, नांदेडच्या एका मिस्तरींनी बसवून टायमिंग लावून दिलं, सगळे मिळून साडेचार हजार गेले. मिस्तरी मामांनी काम करता करता मला शेजारी बसवून दाखवलं ते मात्र पैशात मोजता येणार नाही.

घ्यायच्या आधी काय बघायचं ते त्यांच्याकडूनच शिकलो. दोरा काढून टाका, टाका सगळ्यात मोठा करा, जाड चामड्याचा तुकडा घेऊन एक रेघ सरळ मारा, मग फूट (सुईपाशी चामडं दाबून धरणारा पाय) फिरवून एक रेघ उलटी आणि एक आडवी मारा आणि भोकांमधलं अंतर पट्टीनं मोजा. सगळीकडं सारखं पाहिजे. माझ्याकडं सरळ ३ मिमी पडत होतं आणि आडवं जेमतेम २, हे जालन्यातच कळलं असतं. दुसरं म्हणजे मोठं चाक घट्ट धरायचं आणि टोकाचं शटल बोटानं हलवून बघायचं, थोडं हललं तर चालतं पण लडबड लडबड करायला लागलं तर गिअरचे पैसे किमतीतून कापूनच बोला. आणि कापडावरचा डेमो अजिबात मानू नका, चामडं खिशात घालून न्या.

आता वापराचं. या मशीनला खालून दात नाहीत, वरचा फूटच चामडं पकडून पुढं सरकवतो, आणि तो फूट वरच्या वर गोल फिरतो, पूर्ण ३६० अंश. म्हणजे बूट फिरवायची गरजच नाही. इथं परभणीत पहाटे भरतीची पोरं ग्राउंडवर पळतात, त्यांचे बूट करंगळीपाशी फाटतात आणि नवा जोड घ्यायची सगळ्यांची ऐपत नसते. असा बूट त्या बारीक हातावर मोज्यासारखा चढवायचा, आतून चामड्याचा पातळ तुकडा लावायचा, आणि डाव्या हातानं फूट वळवत वळवत उजव्या हातानं चाक हळूहळू फिरवायचं, करंगळीच्या वळणावर टाका टाका मोजून. पार आत जिथं माझं बोट नीट जात नाही तिथं सुई जाते. पोलिसांच्या लांब बुटाची चेन, घोट्यापाशी इलॅस्टिक असलेल्या बुटाचं इलॅस्टिक, मागचा ओढायचा पट्टा, हे सगळं तयार बुटावरच होतं, काही उसवावं लागत नाही. लाइट गेली तरी काम थांबत नाही, आणि मे महिन्यात आमच्याकडं लाइटचं काय होतं ते तुम्हाला माहितीच आहे. मोटर लावा म्हणून लोकं सांगतात, मी लावली नाही आणि लावणार नाही, ही हळू चालवायचीच मशीन आहे.

दोरा ओवणं मात्र पहिल्या दिवशी रडवतं. वरचा दोरा पोकळ सुईदांडीच्या आतून खाली ओढावा लागतो, त्याला लांब तार लागते आणि जुन्या मशीनबरोबर ती तार कधीच नसते. मी मोटरसायकलच्या क्लच वायरची एक तार सोडवली, टोकाला बारीक आकडा वळवला, दीड वर्ष तीच चालू आहे.

माझी छोट्या बॉबिनवाली आहे, नायलॉनचा जाड दोरा भरला की बूटाच्या एका जोडात दोन-तीनदा भरावी लागते. मोठ्या बॉबिनची मिळाली तर तीच घ्या. फुटाचे दात मऊ चामड्यावर उमटतात, नव्या अप्परवर, म्हणजे बुटाच्या वरच्या चामड्यावर, ते लै वाईट दिसतं, मी फुटाखाली पातळ चामडं चिकटवलंय त्यामुळं बरंच कमी झालं. आणि तळ शिवायला ही मशीन नाहीच, सोलची शिलाई मी अजून आरीनं हातानंच करतो. कुणी म्हणलं हिच्यावर सगळा बूट होतो तर ऐकू नका.

ऑनलाइन मिळणारी हातानं फिरवायची नवी चायना कॉपी पण मी एका मित्राकडं चालवून बघितली. तत्त्व तेच, किंमत कमी, पण बिडाचं ओतकाम खडबडीत, कानशीनं घासून दुरुस्त केल्याशिवाय दोरा तुटतच राहतो. महिन्यात चार चपला शिवायच्या असतील तर घ्या. रोजच्या पोटाचं काम असेल तर झिजलेली सिंगर गिअर बदलून घेतलेली कधीही बरी.

नव्या बुटाच्या अप्परला मला आता खांबवाली पोस्ट मशीन पाहिजे, जुनीच. लातूर, नांदेड, बीडकडं कुणाच्या पाहण्यात असेल तर सांगा, स्टँड नसलं तरी चालंल, चामड्याचा तुकडा मी घेऊन येतो.