गाणी विकत घेऊन ठेवायची असतील तर: बँडकँप आणि आयट्यून्स, वर्षभराच्या वापरानंतर

गेल्या वर्षी माझ्या कार्डाची मुदत संपली आणि स्ट्रीमिंग ॲपचं नूतनीकरण अडकलं. त्यासरशी ॲपमधली 'डाउनलोड' केलेली सगळी यादी करडी पडली. फोनमधली जागा अडलेली, फाइली जागच्या जागी, पण एकही वाजेना. ग्राहकसेवेचं उत्तर आलं: सदस्यत्व सुरू करा, परत वाजतील. त्यांच्या अटींत ते लिहिलेलंच असतं. पण डाउनलोड म्हणायचं आणि किल्ली कंपनीने स्वतःकडे ठेवायची, हे मला पटत नाही.

त्याच आठवड्यात जुन्या लॅपटॉपवर फ्लिपकार्टच्या फ्लाइटवरून घेतलेली गाणी सापडली. नव्या वाचकांना फ्लाइट माहीत नसेल. फेब्रुवारी २०१२ मध्ये सुरू झालेलं ते एमपी३ गाण्यांचं दुकान जून २०१३ मध्ये बंदही झालं. फाइलींना कुलूप नव्हतं. दुकान जाऊन दशक उलटलं, तरी गाणी नव्या फोनवर टाकली की लगेच वाजतात. याउलट याहूने २००८ मध्ये आपलं कुलूपबंद गाण्यांचं दुकान गुंडाळून परवाने देणारे सर्व्हर बंद केले, तेव्हा पैसे मोजलेली गाणी नव्या संगणकावर नेण्याचा रस्ताच संपला. ग्राहकांना भरपाई द्यावी लागली.

तेव्हापासून ठरवलं की जे पुन्हापुन्हा ऐकायचं, ते विकतच घ्यायचं. अट एवढीच की फाइल माझ्या डिस्कवर यावी, कुठल्याही प्लेयरवर वाजावी आणि भारतातून पैसे भरता यावेत. या चाळणीतून माझ्यापुरते दोन उरले: ॲपलचं आयट्यून्स स्टोअर आणि कलाकार, लेबलं जिथे स्वतः आपलं संगीत विकतात ते बँडकँप.

आयट्यून्सबद्दल एक गैरसमज अजून आहे, की तिथलं गाणं ॲपलच्या बाहेर वाजत नाही. विकत घेतलेल्या गाण्यांवरचं डीआरएम, म्हणजे हे डिजिटल कुलूप, २००९ मध्येच निघालं. फाइल २५६ केबीपीएस एएसीची मिळते आणि माझ्या अँड्रॉइड फोनवर व्हीएलसी या मोफत प्लेयरमध्ये बिनतक्रार वाजते. मात्र ॲपलच्याच ॲपमध्ये ॲपल म्युझिक या स्ट्रीमिंग सेवेच्या सदस्यत्वातून उतरवलेली गाणी कुलूपबंदच असतात. फाइलच्या नावाचा शेवट बघायचा: एम४ए असेल तर आपली, एम४पी असेल तर भाड्याची. विकत घेतलेल्या फाइलमध्ये तुमचं नाव आणि खात्याचा ईमेल नोंदलेला असतो, म्हणून ती कुणाला फॉरवर्ड करू नका. तसंही करू नयेच. सिनेमाची गाणी, भावगीतं यांसाठी हे दुकान पुरेसं आहे आणि भाव रुपयांत असतो.

बँडकँपकडे मी वळले ती शास्त्रीय संगीतासाठी. तिथे एकदा पैसे भरले की तोच अल्बम एमपी३, फ्लॅक, एएलएसी, वेव्ह, हव्या त्या रूपात उतरवता येतो. आज फोनसाठी एमपी३, उद्या घरच्या डिस्कसाठी फ्लॅक, पुन्हा पैसे नाहीत. रागसंगीत ऐकणाऱ्यांनी फ्लॅकच घ्यावा; त्यात मूळ ध्वनीतलं काहीच गाळलं जात नाही. एमपी३ बनताना प्रत्येक ट्रॅकच्या आगेमागे किंचित मोकळी जागा चिकटते; काही प्लेयर ती कापतात, काही कापत नाहीत. आलाप आणि जोड दोन ट्रॅकमध्ये तोडले असतील तर तंबोरा मध्येच उचकी दिल्यासारखा थांबतो. फ्लॅकमध्ये ही अडचण येत नाही. जागा जास्त लागते हे खरं: ३२० केबीपीएस एमपी३ मिनिटाला २.४ एमबी घेतो, म्हणजे चाळीस मिनिटांचा राग शंभर एमबीच्या आत; फ्लॅक साधारण त्याच्या दुप्पट.

आता पैसे. भाव डॉलरमध्ये. सात डॉलरचा अल्बम म्हणजे सहाशेच्या आसपास. त्यावर माझी बँक साडेतीन टक्के परकीय चलनाचा आकार लावते आणि त्या आकारावर १८ टक्के जीएसटी. सहाशेवर पंचवीस रुपये फक्त चलन बदलण्याचे! हा आकार नसलेली कार्डं मिळतात. वरचेवर घेणार असाल तर आधी ते कार्ड बघा. परदेशी ऑनलाइन व्यवहारही बँकेच्या ॲपमध्ये आधी सुरू करावे लागतात. पहिल्या दोन महिन्यांत मला हे सगळं महागच वाटत होतं. आता तसं वाटत नाही, कारण बँडकँप डिजिटल विक्रीवर स्वतःसाठी १५ टक्के ठेवतं, पेमेंटचा खर्च वेगळा, आणि उरलेलं कलाकाराला किंवा लेबलला जातं. मार्च २०२० पासून अधूनमधून 'बँडकँप फ्रायडे' असतो, तेव्हा ते स्वतःचा वाटा सोडतात. मी खरेदी त्या दिवसासाठी राखून ठेवते.

आता माझी खरी तक्रार. साथीदारांची नावं!

एका छोट्या लेबलकडून मी रागसंगीताचा अल्बम घेतला. ध्वनी अप्रतिम. फाइलीत नावं काय, तर 'ट्रॅक ०१', 'ट्रॅक ०२'. राग नाही, ताल नाही, तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण, काहीच नाही. बाबांना ऐकवला. त्यांनी दोन आवर्तनं ऐकून विचारलं, "तबला कुणाचा गं?" मला सांगता येईना. सत्तर मिनिटं जो माणूस गायकाबरोबर वाजवतो आहे, त्याचं नाव लिहायला कुणाला वेळ झाला नाही, याचा मला अजून राग येतो. कॅसेटच्या खोक्यातल्या घडीच्या कागदावरसुद्धा तबला, हार्मोनियम, तंबोरा अशी नावं ओळीने छापलेली असायची. तांत्रिक अडचण म्हणावी तर तीही नाही. फ्लॅकच्या टॅगमध्ये हवा तो रकाना बनवता येतो. रकान्याचं नाव रोमन अक्षरांत द्यावं लागतं, पण आतला राग, ताल, तबलजीचं नाव देवनागरीत लिहिलं तरी चालतं. मी एमपी३टॅग हे टॅग बदलण्याचं सॉफ्टवेअर वापरून घरचा सगळा संग्रह तसा लावून घेतला. आता बाबा व्हीएलसीमध्ये शोधताना तबलजीचं नावही टाकून बघतात. त्यासाठी ते नाव मी ट्रॅकच्या नावातही कंसात जोडते, म्हणजे कुठल्याही प्लेयरवर दिसतं.

हे नीट करणारे आहेतच. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेचं फोकवेज लेबल बघा. १९४८ मध्ये सुरू झालेला हा संग्रह १९८७ मध्ये स्मिथसोनियनकडे आला. त्यांच्या संकेतस्थळावर अल्बमची माहितीपुस्तिका पीडीएफमध्ये फुकट उतरवता येते, अल्बम घेतला नसला तरी. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या ध्वनिमुद्रणांची माहिती ते सांभाळतात आणि आजचं लेबल 'ट्रॅक ०१' लिहून मोकळं होतं.

बँडकँपच्या भविष्याची मलाही काळजी होती. मार्च २०२२ मध्ये एपिक गेम्स या व्हिडिओगेम कंपनीने ते घेतलं, २०२३ मध्ये साँगट्रेडर या संगीत-परवान्यांच्या कंपनीला विकलं आणि जवळपास निम्म्या कर्मचाऱ्यांना नव्या मालकाने घेतलंच नाही. त्या लोकांचं वाईट वाटतं. पण माझ्या संग्रहाला धोका नाही, कारण खरेदीच्या दिवशीच मी फ्लॅक उतरवून दोन डिस्कवर ठेवते. तिथल्या 'कलेक्शन'वर, म्हणजे खात्यातल्या खरेदीच्या यादीवर, भरवसा ठेवून डाउनलोड पुढे ढकलू नका.

त्या छोट्या लेबलला मी पत्र लिहिलं. आठवड्याने तबला आणि हार्मोनियम वादकांची नावं अल्बमच्या पानावर आली. फाइली मात्र अजून तशाच आहेत. म्हणून सध्या पैसे भरण्याआधी मी पानाच्या तळाशी श्रेयनामावली बघते. नसेल तर आधी लेबलला विचारते आणि उत्तर आल्यावरच अल्बम घेते.