वायरवाला बंद हेडफोन आणि ऐंशीच्या घरातले रॉकवाले: पावसाळा ते उन्हाळा वापरल्यावरचा अनुभव

पावसाच्या तोंडावर घेतलेला हेडफोन, आता उन्हाळा लागला तरी रोज रात्री कानावर असतो, म्हणून आता लिहायला हरकत नाही. वायरवाला, कान पूर्ण झाकणारा, मागून बंद, स्टुडिओत वापरतात त्या टाइपचा, ३५ ओहमचा (विजेला होणारा अडथळा, तो कमी असला की मोबाइलवरही चालतो). ह्या रेंजमध्ये तीनचार कंपन्यांचे जवळजवळ सारखेच मिळतात त्यामुळं नाव महत्त्वाचं नाही. मी बेळगावच्या उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये असतो, दिवसभर सीएनसी आणि कॉम्प्रेसर कानात, त्यामुळं रात्री हळू आवाजात पण बारीकसारीक सगळं ऐकू यावं एवढीच अपेक्षा होती आणि ती पूर्ण झाली. पण त्याच्यावर मी जे ऐकायलोय ते जास्त सांगण्यासारखं आहे.

आमचं घर म्हणजे धारवाड आणि सांगली आकाशवाणी. मल्लिकार्जुन मन्सूर, भीमसेनजी, नाट्यसंगीत. रॉक म्हणजे कॉलेजात मित्राच्या रूमवर कॅसेट लागायची तेवढाच संबंध, नंतर नोकरी संसारात तेही गेलं. पन्नाशी उलटल्यावर मुलीनं रोलिंग स्टोन्स ह्या जुन्या इंग्लिश रॉक बँडचा 'हॅकनी डायमंड्स' लावून दिला आणि तिथनं सगळं सुरू झालं. ऑक्टोबर २०२३ चा अल्बम, स्वतःच्या नव्या गाण्यांचा त्यांचा त्याआधीचा अल्बम २००५ चा, म्हणजे मध्ये १८ वर्षं गेलेली. त्यांचा गायक मिक जॅगर आणि गिटारवाला कीथ रिचर्ड्स दोघं १९४३ चे, अल्बम आला तेव्हा एकाला ऐंशी पूर्ण झालेली, दुसरा दोन महिन्यांनी होणार. आणि आवाजात दम आहे की ओ!

त्यांचा ड्रमर चार्ली वॉट्स ऑगस्ट २०२१ मध्ये गेला, ८० वर्षांचा होता, पण ह्या अल्बममधल्या दोन गाण्यांत त्यानं आधी वाजवून ठेवलेले ड्रम आहेत. ह्या हेडफोनवर एक गोष्ट इतकी स्वच्छ कळते की मी तेवढ्यासाठी गाणं मागं घेऊन घेऊन ऐकतो. बाकीचे ड्रमर स्नेअरवर (कडक आवाजाचा मुख्य ड्रम) मारताना हाय-हॅटवरचा (पायानं उघडझाप होणारी झांजांची जोडी) हात चालूच ठेवतात, चार्ली मात्र स्नेअरचा ठोका आला की हाय-हॅटवरची काठी उचलून घ्यायचा, त्यामुळं त्या ठोक्याला आजूबाजूला मोकळी जागा मिळते. तबल्याच्या ठेक्यात खालीला डग्गा गप्प होतो आणि ती पोकळी कानाला लागते बघा, तसंच. मोबाइलच्या स्पीकरवर हे कळणारच नाही, ब्लूटूथच्या स्वस्त इअरबडवर पण नाही. शेवटच्या गाण्यात तर फक्त जॅगर आणि रिचर्ड्स, एक गिटार, एक माउथ ऑर्गन, गाणं अमेरिकन ब्लूज गायक मडी वॉटर्सचं १९५० चं, ज्याच्यावरनं बँडला नाव मिळालं तेच. रिचर्ड्सच्या बोटांना संधिवात आहे, त्यामुळं वाजवणं बदललं हे त्यानं स्वतःच सांगितलंय. मला त्या गाण्यात भरभर काही वाजवल्याचं ऐकू येत नाही, एक सूर लावतो आणि थांबतो, आणि ते थांबणंच लई भारी आहे.

मग रॉबर्ट प्लांट. लेड झेपेलिन ह्या रॉक बँडमध्ये हा माणूस टिपेला जाऊन किंचाळायचा, ते ऐकलेलं होतं. ऑक्टोबर २००७ मध्ये अॅलिसन क्रॉस ह्या अमेरिकन गायिकेबरोबर त्याचा 'रेझिंग सँड' आला, त्यात तो जवळजवळ कुजबुजतोय, तिच्या आवाजाच्या खाली आपला आवाज अलगद ठेवतोय. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लंडनला झेपेलिन एका रात्रीसाठी परत एकत्र आले, तिकिटांसाठी जग वेडं झालं, पुढं मोठी टूर झाली असती तर पैसाच पैसा होता, पण प्लांट त्या वाटेला गेला नाही. त्या मऊ गाण्यांच्या अल्बमला २००९ मध्ये अल्बम ऑफ द इयरचा ग्रॅमी मिळाला. साठीला टेकलेल्या माणसानं आपल्या गळ्याला आता काय शोभतं हे ओळखून गाणं निवडलं, हे मला फार मोठं वाटतं. आपल्याकडं बुवा लोक वय झालं की पट्टी उतरवून गातात, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. तसंच आहे हे, फक्त तिकडं ऐकणाऱ्यांना चाळीस वर्षांपूर्वीचीच किंकाळी पाहिजे असते.

पण ज्यानं मला खरं धरून ठेवलंय तो जेथ्रो टल ह्या रॉक बँडचा इअन अँडरसन, एका पायावर उभा राहून फ्लूट वाजवणारा. जन्म १९४७ चा. फ्लूट स्वतःच शिकलेला, रॉकमध्ये नाव कमावलेला, आणि मुलगी शाळेत फ्लूट शिकायला लागली तेव्हा तिनं सांगितलं की बाबा तुमची बोटं चुकतायत. चाळिशी ओलांडलेल्या, जगभर नाव झालेल्या त्या माणसानं नव्यानं बोटं बसवली! पुढं २०२० मध्ये त्यानं सांगितलं की त्याला सीओपीडी, म्हणजे श्वासाची वाट अरुंद करणारा फुफ्फुसाचा कायमचा आजार आहे, आणि तरीही जानेवारी २०२२ मध्ये नवा अल्बम आला. ह्या हेडफोनवर त्याचा श्वास ऐकू येतो, वाक्य कुठं तोडतो ते कळतं. मला लगेच कुमार गंधर्व आठवले. बेळगावजवळच्या आमच्या सुळेभावीला जन्मलेले, टीबीनं एक फुफ्फुस निकामी झालं, काही वर्षं गाणं बंद, आणि परत गायला बसले तेव्हा लहान लहान तुकड्यांची, मध्येच झेप घेणारी गायकी घेऊन आले. ज्यानं कुमारांचं ते गाणं मन लावून ऐकलंय त्याला अँडरसनचं आत्ताचं गाणं ऐकायला वेगळं शिकावं लागत नाही. आवाज पहिल्यासारखा नाही म्हणून बंद करणाऱ्यांनी एवढं एकदा करून बघावं.

आता हेडफोनकडं. आवाज सपाट आहे, बास वाढवलेला नाही, डॉल्बीची सवय असेल तर पहिले दोनतीन आठवडे फिका वाटेल. मागून बंद असल्यामुळं घरच्यांना त्रास नाही आणि पंख्याचा आवाज पण बराच कमी होतो. मोबाइलला जॅक नाही म्हणून टाइप-सीचा छोटा डॅक (मोबाइलमधल्या डिजिटल गाण्याचा हेडफोनला लागणारा सिग्नल करणारा) लावला, त्यानं फरक पडला. आवाज निम्म्याच्या खालीच ठेवतो, डब्ल्यूएचओ आठवड्याला ८० डेसिबलला ४० तास एवढीच मर्यादा सांगते आणि शॉपमध्ये काम करणाऱ्याचे कान आधीच खर्च होत असतात.

कुशनचा त्रास मात्र झाला. बेळगावचा पाऊस आणि दमट हवा, दिवाळीपर्यंत रेक्झिन सुटायला लागलं, कानामागं काळे कपटे चिकटायचे, बायकोनं उशीच्या अभ्र्यावर पण दाखवले. वेलवेटची कुशन मागवून बसवली, गरम कमी होतं पण बास अजून थोडा उतरला. वायरच्या एका टोकाला खरखर यायला लागली तेव्हा खडेबाजारात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काकांनी पिन कापून नवीन सोल्डर करून दिली, अजून टिकून आहे. वायर फिक्स असलेला मॉडेल असता तर पूर्ण हेडफोन उघडावा लागला असता, म्हणून वायर निघणारीच बघून घ्या आणि खरेदी करतानाच कुशनचा एक जादा जोड मागवून ठेवा, आमच्या ह्या पावसाच्या पट्ट्यात तो लागणारच.