‘पोट बिघडलंय, म्हणून औषध लागत नाही’ : जंतनाशकाच्या नावाखाली झालेली फसवणूक

मेंढ्यांसाठी जंतनाशक विकणाऱ्या एका माणसाने मला फसवले, आणि त्यासाठी त्याने एका खऱ्या शास्त्रीय गोष्टीचा आडोसा घेतला. तो निव्वळ खोटे बोलला असता तर लवकर उघडा पडला असता. त्याच्या बोलण्यातला अर्धा भाग खरा होता, म्हणूनच हे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

बाटलीवर फेनबेंडाझोल असे छापलेले होते. औषध पाजल्यानंतरही मेंढ्यांच्या पापण्यांचा आतला भाग पांढराफटक राहिला आणि जबड्याखालची सूज उतरली नाही, म्हणजे जंतबाधेची लक्षणे तशीच होती. विचारणा केल्यावर विक्रेता म्हणाला की जंतांनी पोट खराब केल्यामुळे औषध रक्तात उतरत नाही, तेव्हा मात्रा दुप्पट करा आणि सोबत औषधाचे शोषण वाढवणारे हे दुसरे द्रावण घ्या. ते द्रावण अर्थातच त्याच्याकडेच मिळत होते.

यातले खरे काय, ते आधी सांगतो. हिमॉन्कससारखे जंत मेंढीच्या चौथ्या पोटात राहतात. त्यांच्या प्रादुर्भावामुळे आम्ल तयार करणाऱ्या पेशींचे काम बिघडते, तिथली आम्लता कमी होते, म्हणजेच सामू (pH) वाढतो. फेनबेंडाझोल, अल्बेंडाझोल ही औषधे पाण्यात फारशी विरघळत नाहीत. त्यांना विरघळण्यासाठी आम्लाची मदत लागते. त्यामुळे जंतबाधित जनावराच्या रक्तात औषधाचे प्रमाण निरोगी जनावराच्या तुलनेत कमी भरू शकते, आणि हगवण लागलेली असेल तर औषध पोटातून लवकर पुढे सरकल्याने त्यात आणखी घट होते.

मात्र शोषण कमी होणे आणि औषधाचा काहीच परिणाम न दिसणे यांत फार मोठे अंतर आहे, आणि विक्रेत्याने नेमके तेच झाकले. जंतनाशक हे जंत झालेल्या जनावरालाच द्यायचे असते. त्याची मात्रा ठरवण्याच्या चाचण्याही बाधित जनावरांवरच घेतल्या जातात. शिवाय शोषण सुधारण्याचा जो खरा उपाय आहे, त्याला कोणतेही द्रावण विकत घ्यावे लागत नाही. औषधापूर्वी काही तास चारा कमी केला तर कोठीपोटातले (पहिल्या, मोठ्या पोटातले) अन्न सावकाश पुढे सरकते आणि औषधाला विरघळायला जास्त वेळ मिळतो. औषध जिभेच्या मागच्या भागावर सोडले तर ते कोठीपोटात जाण्याची शक्यता वाढते. अशक्त किंवा गाभण जनावराला मात्र उपाशी ठेवू नये.

मात्रा दुप्पट करण्याचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. लेव्हामिसोल या दुसऱ्या एका जंतनाशकात उपचाराची आणि विषबाधेची मात्रा यांतले अंतर कमी असते, आणि अल्बेंडाझोल गाभणपणाच्या सुरुवातीच्या काळात गर्भाला अपाय करू शकते. औषध कोणते आहे आणि जनावर कोणत्या अवस्थेत आहे हे न पाहता ‘डबल द्या’ म्हणणारा माणूस तुमच्या कळपाचा जीव धोक्यात घालत असतो.

आमच्या पशुवैद्यकांनी वाद न घालता कळपाचे दोन गट पाडले आणि दोन्ही गटांतील मेंढ्यांच्या लेंड्यांमधील जंतांची अंडी मोजून घेतली. मग वजन करून एका गटाला त्या विक्रेत्याचे औषध दिले, तर दुसऱ्याला खात्रीच्या ठिकाणचे, सीलबंद आणि मुदतीतले फेनबेंडाझोल दिले. अशी फेरतपासणी साधारणपणे 10 ते 14 दिवसांनी करतात, आणि औषध चांगले असेल तर अंड्यांचे प्रमाण 95 टक्क्यांहून अधिक घटणे अपेक्षित असते. दुसऱ्या गटात तशी घट झाली. पहिल्या गटात अंडी जवळजवळ तेवढीच राहिली.

कळप तोच होता, जंत तेच होते आणि पोटेही तशीच बिघडलेली होती. शोषणाची अडचण हे कारण असते किंवा जंतांमध्ये औषधाविरुद्ध प्रतिकारशक्ती आलेली असती, तर दोन्ही गटांत अपयश दिसले असते. म्हणजे दोष त्या बाटलीतच होता. हे निकाल समोर ठेवल्यावर विक्रेत्याने आधी साठवणुकीला दोष दिला आणि मग फोन उचलणेच बंद केले.

आम्ही न उघडलेली बाटली, तिचा बॅच क्रमांक आणि दोन्ही वेळच्या तपासणीचे अहवाल जोडून औषध नियंत्रण अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार दिली आहे. मात्र पक्के बिल त्याने शेवटपर्यंत दिले नव्हते, त्यामुळे औषध त्याच्याकडूनच घेतले हे सिद्ध करणे जड जात आहे. तुमच्याकडे अशा विक्रेत्याची बाटली असेल, तर एक तरी न उघडता राखून ठेवा आणि औषध पाजण्यापूर्वी लेंड्यांचा नमुना तपासायला द्या. आधीचा आकडा हाताशी नसेल तर नंतरच्या आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही.