नानकटाई, शॉर्टब्रेड, मामूल की कान्तुच्ची: नाताळच्या डब्यासाठी काय भाजावं?

घरात ओटीजी आहे, डिसेंबर तोंडावर आला आहे आणि यंदा विकतचं न आणता एखादं पारंपरिक बिस्किट स्वतः भाजायचं मनात आहे? मग फोटो बघून ठरवू नका. घरी अंडं चालतं का, डबा किती दिवस पुरायला हवा आणि तो शेजारी द्यायचा आहे की कुरिअरनं पाठवायचा आहे, एवढं आधी बघा. प्रत्येक बिस्किट आपापल्या गावातलं तूप-लोणी, तिथली हवा आणि टिकाऊपणाची गरज यांतून घडलं आहे. निवड करताना तोच धागा धरला तर पदार्थ फसत नाही.

पहिल्यांदाच भाजणाऱ्यांचा खरा पेच नानकटाई आणि शॉर्टब्रेड यांच्यात असतो. दोन्ही बिनअंड्याची, दोन्ही खुसखुशीत, साहित्यही जवळपास तेच. सुरतेतल्या डच लोकांची बेकरी पुढे दोटीवाला या पारशी घराण्याकडे आली आणि नानकटाई तिथेच जन्मली, असं सुरतकर सांगतात. महाराष्ट्रात ती दिवाळीची. मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीत जायचं आणि पत्र्याच्या डब्यातून भाजलेली नानकटाई घरी आणायची, ही पद्धत कित्येक गावांत होती, काही ठिकाणी अजूनही आहे. शॉर्टब्रेड स्कॉटलंडचं. तिथे नववर्षाच्या स्वागताला, म्हणजे हॉगमनेला, ते हवंच.

फरक आहे तो पाण्याचा. साजूक तुपात पाणी जवळजवळ नसतं. लोण्यात ते 16 टक्क्यांच्या आसपास असतं. तेवढ्या पाण्यानं मैद्यातलं ग्लुटेन, म्हणजे कणकेला चिकटपणा देणारं प्रथिन, थोडंसं जुळतं, म्हणून शॉर्टब्रेडचा तुकडा स्वच्छ मोडतो. नानकटाई मात्र चिमटीत जरा जोरात धरली तरी भुगा होते. तोंडात विरघळण्यात तिचा हात कोणी धरणार नाही, पण कुरिअरच्या खोक्यात तिचा निभाव लागत नाही. पाठवायचं असेल तर शॉर्टब्रेडच्या जाड कांड्या करा.

शॉर्टब्रेडचं प्रमाण तोंडपाठ होण्यासारखं आहे: वजनानं एक भाग साखर, दोन भाग लोणी, तीन भाग मैदा. मैद्यातला थोडा भाग काढून तांदळाची पिठी घातली तर कुरकुरीतपणा वाढतो. काट्यानं टोचे मारायचे, 160 अंशांवर सावकाश भाजायचं आणि रंग फिकट सोनेरी असतानाच बाहेर काढायचं. लोणी बिनमिठाचं आणि चांगलंच घ्या. तीनच जिनसा असल्यावर लपायला जागा नसते. घरचं पांढरं लोणी मी यात वापरत नाही, कारण त्यात ताकाचा अंश किती राहिला आहे याचा भरवसा नसतो.

नानकटाईसाठी 150 ग्रॅम मैदा, 50 ग्रॅम बेसन, 25 ग्रॅम बारीक रवा, 100 ग्रॅम पिठीसाखर, साधारण 130 ग्रॅम तूप आणि चिमूटभर बेकिंग पावडर घ्या. तूप थिजलेलंच हवं. ते साखरेबरोबर पांढरंशुभ्र आणि हलकं होईपर्यंत फेसायचं. सगळी मेहनत इथेच आहे. वितळलेलं तूप घातलं की गोळे ट्रेमध्ये पसरतात. भट्टीतून काढल्यावर नानकटाई मऊ लागते. कच्ची राहिली म्हणून पुन्हा आत सरकवू नका, गार झाल्यावर ती आपसूक कडक होते. वेलची सगळेच घालतात, पण मला जायफळाशिवाय नानकटाई अपुरी वाटते.

आता मामूल. करंजी करणाऱ्या घरानं हा एकदा तरी करावाच, असं मी आग्रहानं सांगेन. लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाइन या भागात मुस्लिम घरांत ईदला आणि ख्रिस्ती घरांत ईस्टरला हाच पदार्थ होतो. रवा, तूप, आत खजूर, पिस्ते किंवा अक्रोड यांचं सारण. आपल्या हाताला यातलं काहीच परकं नाही. रव्याला तूप चोळून तो रात्रभर झाकून ठेवायचा, म्हणजे कणन् कण तूप पितो. सकाळी संत्र्याच्या फुलांचं पाणी शिंपडून मळायचं. ते मिळालं नाही तर गुलाबपाणी चालतं. गोळीची वाटी करून सारण भरायचं, तोंड बंद करायचं आणि कोरीव लाकडी साच्यात दाबायचं. मग साचा ओट्याच्या कडेवर ठाण्कन आपटला की नक्षी उठलेला मामूल हातात पडतो. साचा नसेल तर छोट्या चिमट्यानं वरून चिमटे काढत नक्षी करतात, तीही जुनीच पद्धत. खजुराचे आणि सुक्यामेव्याचे वेगवेगळ्या आकाराचे ठेवतात, म्हणजे न फोडता आतलं सारण ओळखता येतं. वेळ मात्र लागतो. घरात दोघं-तिघं हाताशी असतील तरच हा घाट घाला.

अंडं चालत असेल आणि डबा लांब जायचा असेल, तर इटलीतल्या प्रातो गावची कान्तुच्ची. तिथे 1858 पासून चालत आलेली मात्तेईंची बेकरी त्यासाठी प्रसिद्ध आहे. मूळ पद्धतीत लोणी नाही, तेल नाही; मैदा, साखर, अंडी आणि सालासकट अख्खे बदाम. आधी लांबट लादी भाजायची, गरम असतानाच धारदार सुरीनं तिरके काप करायचे आणि ते पुन्हा भाजायचे. आपला चहाचा टोस्ट असाच दोनदा भाजलेला असतो. प्रातोच्या टस्कनी प्रांतात कान्तुच्ची व्हिन सान्तो या गोड वाइनमध्ये बुडवतात, आपल्याकडे चहा आहेच. मुंबई-कोकणच्या दमट हवेत ती सादळली तरी दहा मिनिटं मंद आचेवर ठेवा, पुन्हा कुरकुरीत.

जर्मनीतल्या न्यूरेंबर्गचा लेबकूखेन या सगळ्यांहून वेगळा. मध, सुकामेवा, संत्र्या-लिंबाच्या पाकवलेल्या साली, आणि मसाल्यात दालचिनी, लवंग, वेलची, जायपत्री, अगदी धनेसुद्धा. एलिझन या उंची प्रकारात सुकामेवा किमान 25 टक्के आणि पीठ 10 टक्क्यांच्या आत असावं लागतं. तो ताजा खाण्यात मजा नाही. डब्यात मुरला की मसाला खुलतो. म्हणजे नाताळसाठी नोव्हेंबरअखेरीसच भाजायला हवा. कोरडा वाटला तर डब्यात सफरचंदाची एक फोड ठेवतात. मसाल्याचा केक आवडणाऱ्यांनाच सुचवेन. लहान मुलं बहुधा नाकं मुरडतील.

व्हिएन्नाची चंद्रकोरी व्हॅनिल-किप्फर्ल चवीला अप्रतिम, पण नानकटाईहूनही नाजूक. घरीच खायची असेल तर करा. हॉलंडच्या स्ट्रूपवाफेलला, म्हणजे आत पाकाचा थर असलेल्या पातळ वाफलला, खास लोखंडी साचा लागतो, ती विकत घेणंच बरं. अर्जेंटिनाचं आल्फाहोर आतल्या दुधाच्या गोड थरामुळे लवकर मऊ पडतं. आणि ओलं खोबरं आवडत असेल तर गोव्याची बोलिन्हा विसरू नका. रवा-नारळाची ही बिस्किटं नाताळच्या ताटात हक्कानं बसतात.

पहिलाच प्रयत्न असेल तर नानकटाई करा, साहित्य आजच घरात असेल. परगावी पाठवायचं तर अंडं खाणाऱ्यांना कान्तुच्ची, न खाणाऱ्यांना शॉर्टब्रेड. आणि एखादा रविवार अख्खा मोकळा असेल, तर शनिवारी रात्री रवा तुपात चोळून ठेवा.