अक्षरं उमटवायची: फेव्हिकॉलने की चिकटपट्टीने?

भुसावळची भाची कानबाईसाठी (खान्देशातली देवी) लाकडी पाटी करतेय, शिवाय मसाल्याच्या बरण्यांवर नावंही हवीत. छापील अक्षरं कागदावरून उमटवायच्या या दोन घरगुती पद्धतींत ती अडकली होती.

आधी एक अट: प्रिंट लेझरची किंवा झेरॉक्सची हवी. टोनर म्हणजे प्लॅस्टिकची पूड, ती पाण्यात विरघळत नाही. इंकजेटची शाई बहुधा ओघळते.

फेव्हिकॉलसाठी प्रिंट उलटी, आरशातल्यासारखी काढावी लागते. हे विसरलात की ‘जळगाव’ वाचायला आरसा धरा! (मी धरलाय.) लाकडावर पातळ थर, प्रिंट पालथी, रात्रभर वाळवण, मग ओल्या बोटाने कागद चोळून काढायचा. इथेच घात होतो. जोर जास्त लागला की अनुस्वार आणि बारीक वेलांट्या कागदाबरोबर निघून जातात, म्हणून टाईप जाडच घ्या. मे महिन्यात जळगावात लवकर वाळतं, श्रावणात धीर धरावा लागतो. वरून वार्निश हवंच. नुसता फेव्हिकॉल पाण्याने मऊ पडतो.

चिकटपट्टीला प्रिंट सरळच चालते. पारदर्शक पट्टी अक्षरांवर चमच्याने घासून बसवा, पाण्यात भिजवा, मागचा कागद चोळून काढा, वाळली की बरणीवर चिकटवा. तासाभरात काम. खर्च दोन्हीकडे किरकोळच. पण पट्टीची चकाकी लाकडावर उपरी दिसते आणि रोज घासलं तर कडा सुटतात.

पाटीला फेव्हिकॉल, कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) पिठाच्या काचेच्या बरणीला पट्टी. कापडाला मात्र दोन्ही नकोत, धुण्यात टिकणार नाहीत.