डोंगरातली स्लेड: टर्बो की बिनटर्बो?

या मोसमाआधी ओळखीतल्या दोघांनी मला एकच प्रश्न विचारला. एक इथे कॅल्गरीतला, दुसरा डेन्व्हरचा. दोघांनीही चार-पाच हिवाळे जुन्या स्लेडवर (म्हणजे स्नोमोबाइलवर: पुढे दोन स्की, मागे ट्रॅक, म्हणजे फिरणारा रबरी पट्टा) काढलेत, रुतलेली स्लेड एकट्याने बाहेर काढणं त्यांना जमतं. "आता नवी घेतोच आहे, तर टर्बोच घेऊ ना?" डेन्व्हरच्याला मी लगेच हो म्हणालो. कॅल्गरीच्याला म्हणालो, जरा थांब, आधी माझं ऐकून घे. त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितो आहे.

मी दोन हिवाळे कारखान्यातूनच टर्बो (इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारं यंत्र) बसवून आलेली स्लेड चालवली. मग ती विकली आणि तेवढ्याच सीसीची, जवळजवळ तेवढ्याच लांबीच्या ट्रॅकची बिनटर्बो घेतली. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण माझी तक्रार मशीनच्या दर्जाबद्दल नाही. दोन वर्षांत तिने मला एकदाही डोंगरात अडकवलं नाही.

टर्बोच्या बाजूचं आधी सांगतो, आणि ते थोडंथोडकं नाही. उंचीवर इंजिनाचा दम जातो हे सगळ्यांना माहीत असतं, पण किती जातो ते चढावर कळतं. समुद्रसपाटीच्या मानाने २,००० मीटरवर हवेचा दाब सुमारे एक पंचमांश कमी असतो, ३,००० मीटरवर जवळजवळ तीस टक्के. इंजिनाची ताकदही साधारण त्याच मापाने उतरते. स्की-डू या कंपनीने २०२० च्या मॉडेलला टू-स्ट्रोक इंजिनावर कारखान्यातून टर्बो दिला, तेव्हा आकडा वाढवलाच नव्हता. बिनटर्बो ८५० सीसीला १६५ हॉर्सपॉवर, टर्बोलाही १६५च, फक्त ते ८,००० फुटांपर्यंत टिकणारे. डोंगराने घेतलेलं परत करायचं, एवढंच त्या टर्बोचं काम होतं. पुढे त्यांचाच १८० हॉर्सपॉवरचा टर्बो आर आला आणि २०२२ च्या मॉडेलपासून पोलारिस या दुसऱ्या कंपनीचं टर्बो इंजिन, पेट्रियट बूस्ट.

हाताळणीच्या दृष्टीने याचा एक फायदा असा की स्लेडचा स्वभाव दिवसभर सारखा राहतो. आम्ही जातो ते ब्रिटिश कोलंबियातलं रेव्हलस्टोक गाव पाचशे मीटरच्याही खाली आहे आणि आम्ही जेवायला बसतो ती जागा दोन हजारांच्या आसपास. बिनटर्बो सकाळी पार्किंगमध्ये जशी उडी घेते तशी दुपारी वर घेत नाही, अंगठ्याचा, म्हणजे थ्रॉटलचा (ताकद द्यायचा खटका) किती दाबायचा तो अंदाज मधे बदलावा लागतो. टर्बोला तो बदलावा लागत नाही. शिवाय झाडी संपल्यावरच्या मोकळ्या उतारांवर, मांडीभर ताज्या बर्फात, ट्रॅकचा वेग टिकला की स्लेड बर्फाच्या वर राहते, पोट टेकत नाही आणि हँडल हलकं लागतं. रेव्हलस्टोकजवळच्या बोल्डर माउंटनवर एका फेब्रुवारीत मी आणि माझा मेहुणा एकाच मैदानातून वर सुटलो होतो. तो बिनटर्बोवर. त्याच्यापुढे कितीतरी वर जाऊन मी वळलो, तरी थ्रॉटल शिल्लक होता. ते सुख मला आजही आठवतं आणि ते मी सोडून दिलंय हेही मला माहीत आहे.

आता ज्या एका गोष्टीपायी सोडलं, ती.

डोंगराच्या कुशीला आडवं जाताना, म्हणजे साइडहिल करताना, स्लेड आपण वरच्या बाजूला कलती धरून ठेवतो. दोन्ही पाय वरच्या फळीवर, खालची स्की हवेत, ट्रॅकची एकच कड बर्फात. या अवस्थेत हँडलपेक्षा उजव्या हाताचा अंगठा जास्त काम करतो. नाक खाली घसरायला लागलं की थ्रॉटलला हलकासा स्पर्श द्यायचा, नाक वर येतं. फार वर आलं की सोडायचा. मिनिटाला तीस-चाळीस वेळा हे चालतं आणि जमायला लागलं की आपलं लक्षही राहत नाही, चालता चालता तोल सांभाळावा तसं होतं.

टर्बोत या स्पर्शाला उत्तर यायला एक क्षण लागतो. ज्यांनी आंबा घाटात डिझेल गाडी चढवली आहे त्यांना हे लगेच कळेल. वळणावर गाडी मंदावते, आपण पाय दाबतो, गाडी ऐकत नाही, म्हणून आणखी दाबतो, आणि मग ती एकदम खेचते. आताच्या कारखान्यातल्या टर्बोत हा उशीर तेवढा लांब नसतो, कदाचित अर्ध्या सेकंदाहून कमी असेल; मी मोजलेला नाही. बाहेरून बसवलेल्या जुन्या किटपेक्षा तर खूपच सुधारणा आहे, त्याही मी मित्राकडे चालवल्या आहेत. पण घाटात वळण संपल्यावर रस्ता असतो. झाडीत दोन स्प्रूसच्या मधून जाताना त्या अर्ध्या क्षणात नाक आणखी वीतभर घसरलेलं असतं, अंगठा गरजेपेक्षा खोल गेलेला असतो, आणि मागाहून येणारी ताकद स्पर्शाची राहत नाही, धक्क्याची होते. पुढचा भाग उचलला जातो, दोन्ही स्की बर्फ सोडतात, आणि स्की हवेत असताना वळवायला हातात काही नसतं. मग स्लेड एकतर वरच्या बाजूला झाडाकडे चढते, नाहीतर ट्रॅक जागच्या जागी फिरून खड्डा पाडतो आणि मागचा भाग खाली सरकतो.

माझं दोन्ही झालंय. एकदा वरच्या बाजूला चढून उजवी स्की थेट खोडावर बसली आणि सस्पेन्शनचा वरचा आर्म वाकला. त्यात वेगाचा प्रश्नच नव्हता, मी चालण्याच्या गतीने जात होतो.

तरीही हे माझंच कौशल्य कमी असेल असं मी दीड हिवाळा धरून चाललो. उपायही केले. क्लचमधली वजनं बदलून पाहिली. झटका मवाळ झाला, उशीर तेवढाच राहिला. मागच्या सस्पेन्शनचा लिमिटर स्ट्रॅप (पुढचा भाग किती उचलला जावा ते आवरणारा पट्टा) एक भोक आवळला. त्याने नाक उचललं जाणं बरंच कमी झालं, पण उतारावर थ्रॉटल सोडला की पुढचा भाग जड होऊन बर्फात घुसायला लागला आणि स्लेड कडेवर घ्यायला खांद्यांना जास्त जोर पडू लागला. एक धरावं तर दुसरं सुटत होतं.

माझा निर्णय झाला तो मार्चमधल्या एका दुपारी. मी आणि मेहुण्याने झाडीतून एकच वाट काढली होती, तो पुढे, मी त्याच्या वरच्या अंगाने पंधरा-वीस फुटांवर. पलीकडच्या उतारावर जाऊन चहाचा थर्मास उघडला आणि सहज मागे बघितलं. उन्हं तिरकी झाली होती, त्यामुळे बर्फावरच्या दोन्ही रेघा स्पष्ट दिसत होत्या. त्याची रेघ सुईने दोरा ओवत न्यावा तशी झाडांमधून सलग गेली होती. माझ्या रेघेला गाठी होत्या. दर दहा-पंधरा फुटांवर एक काळपट खड्डा, जिथे जिथे ट्रॅक बसला होता तिथे तिथे, आणि खड्ड्यानंतर रेघ एक हात वर उडालेली. मी त्याला एवढंच म्हणालो, परत जाताना तुझी दे. त्याच झाडीतून त्याच्या स्लेडवर आलो. पहिल्या शंभर फुटांत दोनदा चुकलो, कारण मी सवयीने जास्त दाबत होतो. मग अंगठा शांत झाला. खाली उतरलो तेव्हा हात भरून आले नव्हते. मेहुणा मात्र माझ्या स्लेडवरून उतरून मनगट चोळत होता.

थकव्याचा हा मुद्दा मला वाटला होता त्याहून मोठा निघाला. दुपारी तीननंतर चुका होतात त्या दमल्यामुळे होतात, आणि झाडीत पडण्यात खोडाभोवतीच्या पोकळीत जाण्याची भीती असते. उलट बाजूने, टर्बो असल्यावर मी मोकळ्या, तीव्र उतारांकडे जास्त ओढला जायचो, कारण जमतं म्हणून. अ‍ॅव्हलांच कॅनडाचा हिमस्खलनाचा अंदाज मी आधीही रोज सकाळी बघायचो, बर्फाखाली गाडलेल्याला शोधायचा ट्रान्सीव्हर, प्रोब (बर्फात खुपसायची लांब काठी), फावडं अंगावर असायचंच. तरी स्लेड बदलल्यावर त्या उतारांखालून जायची वेळच कमी येते. हे सगळ्यांना लागू होईल असं म्हणणार नाही.

बाकीचं थोडक्यात. टर्बोचं जास्तीचं वजन चालताना फारसं जाणवत नाही, खणून काढताना जाणवतं. पेट्रोल ९१ ऑक्टेनचं लागतं, तेल थोडं जास्त जातं, बेल्टवर लक्ष ठेवावं लागतं. किमतीतला फरक तुम्हाला दुकानात कळेलच. यातल्या कशावरूनही मी निर्णय बदलला नसता.

डेन्व्हरच्याला मी हो का म्हणालो, तर तो जिथून सुरुवात करतो ती व्हेल पासची जागाच ३,२०० मीटरच्या वर आहे. बिनटर्बोची तिसरा हिस्सा ताकद पार्किंगमध्येच गेलेली असते. तिथे खोल बर्फात बिनटर्बोचा ट्रॅक फिरतच राहावा म्हणून सारखा पूर्ण थ्रॉटल द्यावा लागतो, मग नाजूक अंगठ्याचा फायदा उरतोच कुठे? कोलोरॅडो, युटा, वायोमिंगमधल्या उंच जागी राहणाऱ्यांनी माझं बाकीचं लिखाण बेताने घ्यावं. पण रेव्हलस्टोक, गोल्डन, वेलमाउंट या बाजूला जात असाल आणि दिवसाचा मोठा भाग झाडीत जात असेल, तर मी बिनटर्बोकडे झुकेन, आणि उरलेल्या पैशात हिमस्खलनात फुगणारी, पाठीवरची एक चांगली एअरबॅग घेईन.

कॅल्गरीच्याला शेवटी एवढंच सुचवलं. जानेवारीत आमच्याबरोबर ये, कुणाची तरी टर्बो एका दिवसासाठी मागून घेऊ. सकाळी एक, दुपारी दुसरी, त्याच झाडीतून, त्याच वाटेने. मग पलीकडे जाऊन आपल्या दोन्ही रेघा बघ. तो येतोय, तारीख अजून ठरायची आहे.